प्रोसेसर आर्किटेक्चरची नावं वाचायची कशी: एक्स८६, एएमडी६४, एआर्च६४, रिस्क-फाइव्ह आणि बाकीची मंडळी

सॉफ्टवेअर डाउनलोड करायला गेलं की एकाच व्हर्जनच्या पाच-सहा फायली समोर येतात, एकीच्या नावात एक्स८६_६४, दुसरीच्या एएमडी६४, तिसरीत आर्म६४, चौथीत आय३८६, आणि तिथंच माणूस अडतो. माझ्या मशीनमध्ये इंटेलचा प्रोसेसर आहे मग एएमडी या दुसऱ्या कंपनीचं नाव लिहिलेली फाइल चालणार कशी, हा प्रश्न इतक्या जणांना पडतो की त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: चालते, बिनधास्त घ्या, एएमडी६४ आणि एक्स८६_६४ ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. पण एवढं पाठ करून भागत नाही, कारण पुढच्या वेळी आर्मएचएफ नाहीतर पीपीसी६४एलई समोर येतं आणि परत तीच पंचाईत. त्यापेक्षा नाव फोडून वाचायची सवय लावून घ्या. मला या नावांचं खरंच वेड आहे, कारण जवळजवळ प्रत्येक नावात कुठल्यातरी कंपनीचा निर्णय, एखादं भांडण नाहीतर एखादी जुनी चिप अडकून राहिलेली असते, आणि ती गोष्ट कळली की ते नाव डोक्यातून जात नाही.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून घेऊ. प्रोसेसरच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या प्रकारची नावं चालतात. कोअर आय७, रायझन, स्नॅपड्रॅगन ही विकायची नावं. हॅसवेल, स्कायलेक, झेन ही आतल्या डिझाइनची नावं, म्हणजे मायक्रोआर्किटेक्चर, काम कसं उरकायचं त्याची आतली मांडणी. आणि तिसरं नाव असतं इन्स्ट्रक्शन सेटचं, म्हणजे प्रोसेसरला कुठल्या सूचना कळतात त्याचं. प्रोग्रॅमला मतलब फक्त या तिसऱ्याशी असतो आणि फाइलच्या नावात येतं तेही हेच. रायझन आणि कोअर आय७ आतून पूर्ण वेगळे, बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, पण दोघांना सूचना त्याच कळतात म्हणून फाइल एकच चालते.

आता नाव फोडायचं कसं. समोर आलेल्या नावाला क्रमाने विचारायचं: घराणं कुठलं, त्यातलं व्हर्जन कुठलं, किती बिटचं (म्हणजे एका दमात केवढा आकडा हाताळतं), आणि शेवटी शेपूट काही लावलंय का. प्रत्येक नावात चारही गोष्टी असतीलच असं नाही, आय३८६ मध्ये बिटचा आकडाच नाही, एएमडी६४ मध्ये व्हर्जन नाही. पण जे आहे ते याच चारांपैकी काहीतरी असतं.

एक्स८६: आकड्यातून आलेलं नाव

हे घराणं सगळ्यात जास्त भेटतं आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंटेल सुरुवातीला चिपला नावं देतच नव्हती, पार्ट नंबर द्यायची. १९७१ ची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप ४००४, आणि तिचा नंबर ४००४ का, तर तो चार चिपचा सेट होता, ४००१ रॉम, ४००२ रॅम, ४००३ शिफ्ट रजिस्टर आणि चौथा प्रोसेसर. मग ८ बिटची ८००८ आली, १९७४ ला ८०८०, आणि १९७८ ला १६ बिटची ८०८६. इथून घराणं सुरू झालं. १९८१ च्या आयबीएम पीसीत तिचीच बहीण ८०८८ बसली आणि पीसी चालला म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक चिपला जुने प्रोग्रॅम चालवणं भाग पडलं. मग ८०१८६, ८०२८६, १९८५ ला ८०३८६, १९८९ ला ८०४८६. सगळ्यांच्या शेवटी ८६, म्हणून मधला बदलणारा भाग काढून त्या जागी एक्स टाकला की झालं एक्स८६. म्हणजे इथला एक्स म्हणजे रिकामी जागा, त्यात दुसरा कुठलाही अर्थ शोधू नका.

यातला ३८६ महत्त्वाचा, कारण घराण्यातली पहिली ३२ बिटची चिप तीच. म्हणून ३२ बिटच्या एक्स८६ ला आजही आय३८६ म्हणतात, आय म्हणजे इंटेल. पुढे मात्र आकड्यांची गाडी अडली. एएमडीनेही स्वतःचा ३८६ काढला, इंटेल कोर्टात गेली, आणि १९९१ ला निकाल लागला की ३८६ हा नुसता आकडा आहे, त्यावर कोणाची मालकी नाही. त्यामुळे पाचव्या पिढीला ५८६ म्हणायच्या ऐवजी इंटेलने १९९३ ला पेंटियम हे नाव आणलं, ग्रीक पेंटे म्हणजे पाच, आणि अशा नावाचा ट्रेडमार्क घेता येतो. कंपनीने आकडे सोडले तरी कंपायलर (लिहिलेल्या कोडमधून मशीनला कळणारी फाइल बनवणारं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांनी सोडले नाहीत, त्यांनी पेंटियमला आय५८६ आणि १९९५ च्या पेंटियम प्रोला आय६८६ म्हणणं चालू ठेवलं, म्हणून फायलींच्या नावात ते आकडे अजून दिसतात. आय३८६, आय४८६, आय५८६, आय६८६ यातलं काहीही दिसलं तर ३२ बिटचं एक्स८६ समजायचं, आकडा फक्त कमीत कमी कुठली चिप लागेल ते सांगतो.

पण त्या आकड्यावरही डोळे झाकून जाऊ नका, कारण नाव एकदा ठरलं की ते गोठतं आणि आतली अट सरकत राहते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात या आर्किटेक्चरचं नाव आय३८६ च राहिलं, पण २०१७ च्या रिलीजपासून ते पॅकेज चालायला ६८६ दर्जाचा प्रोसेसर लागायला लागला. लिनक्स कर्नलने, म्हणजे त्या सिस्टीमच्या गाभ्याने, तर खऱ्या ३८६ चिपचा सपोर्ट २०१३ मध्येच काढून टाकला. नावात ३८६ आणि खुद्द ३८६ वरच चालणार नाही, अशी परिस्थिती.

विंडोजच्या जगात मात्र एक्स८६ म्हणजे फक्त ३२ बिट, तिथं ६४ बिटला एक्स६४ म्हणतात. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम फाइल्सचे दोन फोल्डर असतात आणि ज्याच्या पुढे एक्स८६ लिहिलेलं असतं तो ३२ बिटवाल्या प्रोग्रॅमचा. आर्किटेक्चरवर लिहिणारी माणसं एक्स८६ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ३२ आणि ६४ दोन्ही धरून म्हणतात, आणि डाउनलोडच्या पानावर तोच शब्द आला की फक्त ३२. संदर्भ बघून ठरवायचं.

एकाच आर्किटेक्चरची पाच नावं कशी झाली

३२ बिटनंतर ६४ वर जायचं होतं तेव्हा इंटेलने ठरवलं की हे जुनं ओझं इथंच टाकायचं, आणि एचपीसोबत पूर्ण नवीन आर्किटेक्चर बनवलं. त्याचं नाव आयए-६४, आयए म्हणजे इंटेल आर्किटेक्चर, आणि चिपचं नाव इटॅनियम, २००१ ला बाजारात. जुन्या घराण्यालाही तेव्हा मागे जाऊन आयए-३२ असं नाव मिळालं. एएमडी वेगळ्या वाटेने गेली, त्यांनी म्हटलं एक्स८६ च वाढवून ६४ बिट करू म्हणजे जुने प्रोग्रॅम आहेत तसे चालतील, आणि त्याला नाव दिलं एक्स८६-६४. २००३ ला ऑप्टेरॉन चिप आली तेव्हा नाव बदलून एएमडी६४ केलं. लोकांनी एएमडीचा रस्ता पकडला आणि २००४ ला इंटेललाही तोच इन्स्ट्रक्शन सेट आपल्या चिपमध्ये घ्यावा लागला. आता प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या बॉक्सवर कोण छापेल, म्हणून आधी आयए-३२ई, मग ईएम६४टी आणि नंतर इंटेल ६४ अशी नावं झाली. मायक्रोसॉफ्टने दोघांच्या मधे न पडता एक्स६४ म्हटलं. लिनक्स कर्नल, रेड हॅट ही लिनक्स कंपनी, जीसीसी हा कंपायलर यांनी मूळचं नाव ठेवलं पण डॅशच्या जागी अंडरस्कोअर टाकून एक्स८६_६४ केलं. डेबियन आणि बीएसडी (युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीम) वाल्यांनी एएमडी६४ ठेवलं.

तो अंडरस्कोअर का, तर कंपायलरच्या जगात पूर्ण नाव एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू असं लिहितात, त्यात डॅश हा तुकडे पाडायला वापरतात, मग आर्किटेक्चरच्या नावातच डॅश असला तर तुकडे चुकीच्या जागी पडतील. डेबियनमध्ये बरोबर उलटं, तिथं पॅकेजच्या फाइलनावात पॅकेजचं नाव, व्हर्जन आणि आर्किटेक्चर हे अंडरस्कोअरने वेगळे करतात, त्यामुळे एएमडी६४ हे सलग नाव तिथं सोयीचं पडतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर एएमडी६४ हेच नाव योग्य, ज्यांनी डिझाइन केलं त्यांचं नाव राहिलं पाहिजे. आणि मजबूत राहिलंय पण, खुद्द विंडोजमध्ये प्रोसेसर आर्किटेक्चरचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीमने प्रोग्रॅमसाठी ठेवलेली नोंद) बघितला तर इंटेलच्या मशीनवरही एएमडी६४ असंच उत्तर येतं.

म्हणजे एक्स८६-६४, एक्स८६_६४, एएमडी६४, एक्स६४, इंटेल ६४, सगळं एकच. फक्त एक नाव यात मिसळू नका आणि ते म्हणजे आयए६४. बघताना वाटतं इंटेल आर्किटेक्चर ६४ म्हणजे आपलाच ६४ बिट इंटेल लॅपटॉप, पण ते इटॅनियम आहे, त्याचा एक्स८६ शी संबंध नाही, आणि तुमच्याकडे इटॅनियमचा जुना सर्व्हर नसेल तर ती फाइल तुमच्या कामाची नाही. उलट आयए३२ दिसलं तर ते मात्र साधं ३२ बिट एक्स८६, नोडजेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये हे नाव भेटतं. त्याच नोडमध्ये विंडोजचा प्लॅटफॉर्म विन३२ असा येतो, ६४ बिट विंडोजवरसुद्धा, कारण ते विंडोजच्या एपीआयचं, म्हणजे प्रोग्रॅमनी विंडोजशी बोलायच्या पद्धतीचं, जुनं नाव आहे. विन३२-एक्स६४ असं जोडनाव दिसलं तर दचकू नका, ३२ कडे दुर्लक्ष करा, मागचं एक्स६४ खरं.

अलीकडे या घराण्यात अजून एक शेपूट आलंय, एक्स८६-६४-व्ही१ पासून व्ही४ पर्यंत. २००३ ची चिप आणि आजची चिप दोन्ही एक्स८६_६४ च, पण मधल्या काळात कितीतरी सूचना वाढल्या, त्या मोजायच्या कशा म्हणून २०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून चार पायऱ्या ठरवल्या. व्ही१ म्हणजे मूळची, व्ही२ मध्ये एसएसई४.२ पर्यंतचं, व्ही३ मध्ये एव्हीएक्स२ वगैरे (ही सगळी वाढीव सूचनांच्या संचांची नावं), म्हणजे इंटेलकडे २०१३ च्या हॅसवेलपासून पुढे, आणि व्ही४ ला एव्हीएक्स-५१२ लागतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला व्ही२ लागतं आणि १० ला व्ही३. मशीन दहा-बारा वर्षं जुनं असेल तर हे बघूनच पुढे जा.

आर्म: तीन सातांचा घोळ

आर्म हे नाव केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीतलं, एकॉर्न रिस्क मशीनचं छोटं रूप, आणि रिस्क म्हणजे थोड्या, सोप्या सूचनांवर चालणाऱ्या प्रोसेसरची पद्धत. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी डिझाइन केलेली पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये चालू झाली. १९९० ला एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून वेगळी कंपनी काढली तेव्हा ए चा अर्थ बदलून ॲडव्हान्स्ड झाला, आता कंपनी नुसतं आर्म लिहिते आणि अक्षरं फोडून सांगत नाही.

यांच्याकडे दोन वेगळे नंबर चालतात आणि तिथं भलेभले फसतात. एक नंबर कोअरचा, म्हणजे सूचना चालवणाऱ्या भागाच्या डिझाइनचा, दुसरा आर्किटेक्चर व्हर्जनचा, त्यात व्ही असतो. आर्म७ हा कोअर, पण त्यातला गाजलेला आर्म७टीडीएमआय आर्मव्ही४टी या आर्किटेक्चरचा आहे. आर्म११ हा आर्मव्ही६ चा. पुढे कोअरला कॉर्टेक्स नाव आलं, ए, आर आणि एम अशा तीन रांगा, ए म्हणजे फोन-कॉम्प्युटरसाठी ॲप्लिकेशनवाले, आर रिअल-टाइमवाले, एम मायक्रोकंट्रोलरवाले, आणि तिन्ही अक्षरं मिळून परत आर्मच होतं. आता त्यातला कॉर्टेक्स-ए७ हा आर्मव्ही७-ए आर्किटेक्चरचा. म्हणजे आर्म७, आर्मव्ही७ आणि कॉर्टेक्स-ए७, तिन्हीत सात आणि तिन्हीचा अर्थ वेगळा. फाइल निवडताना व्ही असलेला नंबरच बघायचा, बाकीचे सोडून द्या.

एक नाव जवळून बघू. रास्पबेरी पाय २ या छोट्या कॉम्प्युटरवर ३२ बिटची सिस्टीम टाकून यूनेम -एम ही आर्किटेक्चर विचारायची कमांड दिली की आर्मव्ही७एल येतं. आर्म हे घराणं, व्ही७ हे व्हर्जन, बिट सांगितलेले नाहीत पण सात म्हटल्यावर ३२ च. शेवटचं अक्षर इंग्रजी स्मॉल एल आहे, फॉन्टमुळे ते एकासारखं दिसतं आणि लोक आर्मव्ही७१ वाचतात. तो एल लिटल एंडियनचा, त्याचं खाली सांगतो.

डेबियनच्या नावांमध्ये आर्मईएल आणि आर्मएचएफ अशा दोन गोष्टी भेटतात. ईएल म्हणजे एंडियन लिटल. एचएफ म्हणजे हार्ड फ्लोट, दशांशाची गणितं करायला चिपमध्ये वेगळं हार्डवेअर आहे आणि फंक्शनना असे आकडे पाठवताना त्याचीच रजिस्टर (चिपमधल्या आकडे ठेवायच्या छोट्या जागा) वापरायची असा करार. हा करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो, म्हणून एचएफचा प्रोग्रॅम ईएलच्या लायब्ररीसोबत चालत नाही. यात एक खरा सापळा आहे: डेबियनचं आर्मएचएफ आर्मव्ही७ मागतं, पण रास्पबेरी पायसाठी बनवलेल्या रास्पबियनने तेच आर्मएचएफ नाव आर्मव्ही६ साठी वापरलं, कारण पहिल्या पायमध्ये आर्म११ होता. त्यामुळे पहिल्या पायवर किंवा पहिल्या पाय झीरोवर डेबियनमधलं आर्मएचएफ पॅकेज टाकलं तर नाव जुळतं, इन्स्टॉल होतं, आणि चालवलं की इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून कोसळतं.

६४ बिटचं आर्म २०११ ला आर्मव्ही८ म्हणून जाहीर झालं आणि कंपनीने त्या ६४ बिटच्या मोडला नाव दिलं एआर्च६४, इंग्रजीत सुरुवातीला दोन ए. लिनक्समध्ये हा कोड २०१२ ला आला तेव्हा फोल्डरचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा झाली, कर्नलवाल्यांना दोन ए वालं नाव पसंत पडलं नाही आणि फोल्डर आर्म६४ झाला, पण यूनेमचं उत्तर मात्र एआर्च६४ च राहिलं. ॲपलनेही आर्म६४ पकडलं. परिणाम असा की एकाच मॅकवर मॅकओएसमध्ये विचारलं तर आर्म६४ आणि त्याच मशीनवर लिनक्स टाकून विचारलं तर एआर्च६४. इन्स्टॉलची स्क्रिप्ट लिहीत असाल तर दोन्ही नावं तपासा, एवढी एक गोष्ट केली तरी कितीतरी लोकांचा त्रास वाचेल, मनापासून सांगतो.

अँड्रॉइडच्या एपीके फायलींमध्ये, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायच्या फायलींमध्ये, हेच नाव आर्म६४-व्ही८ए आणि ३२ बिटसाठी आर्मईएबीआय-व्ही७ए असं येतं. ईएबीआय म्हणजे एम्बेडेड ॲप्लिकेशन बायनरी इंटरफेस, वरचा करार म्हणालो त्यातलाच प्रकार. फोनमध्ये आर्मव्ही९ ची नवी चिप असली तरी घ्यायची ती आर्म६४-व्ही८ए च, व्ही९ नावाची वेगळी फाइल शोधत बसू नका.

शेपूट: एलई, ईएल, बीई

एक ही संख्या चार बाइटमध्ये मेमरीत ठेवायची तर दोन पद्धती आहेत. लिटल एंडियन ०१ ०० ०० ०० असं ठेवतो, बिग एंडियन ०० ०० ०० ०१ असं. एक्स८६ कायम लिटल, त्यामुळे त्याच्या नावात हे लिहायची वेळच येत नाही. पण काही घराणी दोन्ही प्रकारांत मिळतात, तिथं नावात शेपूट लागतं आणि इथं एक नियम लक्षात ठेवा, शेपूट नसेल तर त्या घराण्याचा जुना, मूळचा प्रकार समजायचा. मिप्स म्हणजे बिग, मिप्सईएल म्हणजे लिटल. पीपीसी६४ म्हणजे बिग, पीपीसी६४एलई म्हणजे लिटल. आर्मचं उलट, तिथं मूळचा प्रकार लिटल आणि बिगवाल्याला आर्मईबी. आणि डेबियनने पीपीसी६४एलई ला पीपीसी६४ईएल असं लिहिलंय, एल आणि ई ची अदलाबदल, बाकी काही फरक नाही.

रिस्क-फाइव्ह: नावातच सगळी यादी

लिहितात व्ही आणि वाचतात फाइव्ह, कारण तो रोमन पाच आहे. बर्कलीच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात रिस्कची चार डिझाइन झाली होती, २०१० ला क्रिस्ते आसानोविच, डेव्हिड पॅटरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे पाचवं. नावांच्या बाबतीत मला हे घराणं सगळ्यात जास्त आवडतं, कारण इथं नाव म्हणजे सूचनांची सरळ यादीच आहे आणि अक्षर माहीत असलं की वाचता येतं.

आरव्ही६४आयएमएएफडीसी हे नाव घ्या. आरव्ही घराणं, ६४ बिट. आय म्हणजे इंटिजर, पूर्णांकांची मूळ गणितं, हा पाया. एम म्हणजे गुणाकार-भागाकार, हो, पायात गुणाकारसुद्धा नाही, छोट्या चिपला नको असेल तर ती तो सोडून देऊ शकते. ए म्हणजे ॲटॉमिक, दोन कोअर एकाच वेळी एका जागी लिहायला गेले तर गोंधळ होऊ नये म्हणून लागणाऱ्या सूचना. एफ साधे दशांश, डी दुप्पट अचूकतेचे दशांश, सी म्हणजे कॉम्प्रेस्ड, नेहमीच्या सूचना ३२ च्या ऐवजी १६ बिटमध्ये लिहिता येतात, प्रोग्रॅम लहान होतो. आयएमएएफडी एवढं सगळं लिहायचा कंटाळा येतो म्हणून त्याला जी असं एक अक्षर दिलं, जनरलचं जी, म्हणून नाव होतं आरव्ही६४जीसी. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टार्गेटमध्ये, म्हणजे कुठल्या मशीनसाठी फाइल बनवायची त्या नावात, रिस्कव्ही६४जीसी दिसतं ते हेच. अक्षरं कमी पडायला लागली तेव्हा झेडने सुरू होणारी लांब नावं आली, झेडबीए, झेडबीबी, झेडआयसीएसआर, ती अंडरस्कोअर टाकून मागे जोडतात.

याचा तोटा असा की नावं फार लांब व्हायला लागली आणि कुठल्या चिपमध्ये काय आहे काय नाही याचा मेळ बसेना, म्हणून प्रोफाइल आले, म्हणजे सूचनांचे ठरवून दिलेले संच, आरव्हीए२०, आरव्हीए२२ आणि २०२४ ला मंजूर झालेला आरव्हीए२३, ज्यात व्हेक्टरच्या, म्हणजे अनेक आकड्यांवर एकदम काम करणाऱ्या, सूचनाही सक्तीच्या आहेत. उबुंटू या लिनक्सच्या २५.१० व्हर्जनने तर आरव्हीए२३ हीच अट केली. पॅकेजचं नाव मात्र रिस्कव्ही६४ च आहे, म्हणजे आय३८६ ला जे झालं तेच इथं, नाव तेच आणि आतली अट वर सरकली. रिस्क-फाइव्हचा बोर्ड घ्यायचा विचार असेल तर नुसतं रिस्कव्ही६४ वाचून पैसे टाकू नका, कुठला प्रोफाइल ते विचारा.

बाकीची, पटकन

मिप्स म्हणजे स्टॅनफर्डचं, पाइपलाइनच्या टप्प्यांत इंटरलॉक नसलेला मायक्रोप्रोसेसर अशा लांबलचक नावाची आद्याक्षरं. स्पार्क म्हणजे सन कंपनीचं स्केलेबल प्रोसेसर आर्किटेक्चर, १९८७ चं. पॉवर आयबीएमचं, १९९० चं, आणि ॲपल-आयबीएम-मोटोरोला एकत्र आल्यावर झालेलं पॉवरपीसी, नावात पीपीसी दिसलं की हे. एम६८के म्हणजे मोटोरोला ६८०००, के म्हणजे हजार. एचपीपीए म्हणजे एचपीचं पीए-रिस्क, पीए म्हणजे प्रिसिजन आर्किटेक्चर. लूंग६४ म्हणजे चीनच्या लूंगसन कंपनीचं २०२१ चं लूंगआर्च.

एस३९०एक्स हे नाव विचित्र दिसतं पण मला त्याचं विशेष कौतुक आहे. आयबीएमने १९६४ ला सिस्टीम/३६० काढली, ३६० म्हणजे वर्तुळाचे सगळे अंश, शास्त्रीय काम असो की धंद्याचं, सगळ्याला एकच मशीन. मग ३७०, १९९० ला ३९०, आणि २००० ला ६४ बिट झाल्यावर कंपनीने नाव बदलून झेड/आर्किटेक्चर केलं. लिनक्सवाल्यांनी मात्र एस३९० ला एक एक्स जोडून ६४ बिटची सोय केली, आणि आयबीएमच्या आजच्या नव्या मेनफ्रेमवरही (बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या महाकाय कॉम्प्युटरवरही) तेच नाव चालतं.

पॅकेजच्या शेवटी ऑल किंवा नोआर्क असेल तर आनंदाने घ्या, त्यात मशीनकोड नसतो, फॉन्ट, डॉक्युमेंट, पायथनच्या स्क्रिप्ट वगैरे, कुठल्याही प्रोसेसरवर चालतं.

लांब नाव आलं तर

एआर्च६४-ॲपल-डार्विन, एक्स८६_६४-अननोन-लिनक्स-मसल, आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ अशी नावं डॅशवर तोडायची. पहिला तुकडा आर्किटेक्चर. दुसरा बनवणारा, आणि तिथं अननोन असेल तर काही बिघडलेलं नाही, बनवणाऱ्याने फरक पडत नाही एवढाच त्याचा अर्थ, कधी कधी हा तुकडा गाळतातच. पुढचा ऑपरेटिंग सिस्टीम, डार्विन म्हणजे मॅकओएसचा गाभा. शेवटचा तुकडा सी लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ कामांचा तयार कोड) आणि करार, जीएनयू किंवा मसल, आणि ३२ बिट आर्मचा एचएफ पण याच तुकड्यात चिकटतो.

आपलं मशीन कुठलं

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट, तिथं सिस्टीम टाइपसमोर ऑपरेटिंग सिस्टीमचे बिट आणि प्रोसेसरचा प्रकार दोन्ही लिहिलेले असतात, दोन्ही वाचा. मॅकवर ॲपल मेनूतून अबाउट धिस मॅक, तिथं चिप असं लिहून एम१, एम२ वगैरे असेल तर आर्म६४, प्रोसेसर असं लिहून इंटेल असेल तर एक्स८६_६४. लिनक्सवर यूनेम -एम, पण ते कर्नलचं उत्तर आहे, आणि कर्नल ६४ बिटचा पण वरची सगळी सिस्टीम ३२ बिटची असं होऊ शकतं, रास्पबेरी पायवर तर नेहमी होतं. यूनेम म्हणतं एआर्च६४ आणि पॅकेजेस सगळी आर्मएचएफ. म्हणून डेबियन-उबुंटू-पायवर डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर ही कमांड द्या आणि तिचंच ऐका. मॅकवर टर्मिनल रोझेटामधून (आर्म मॅकवर इंटेलचे प्रोग्रॅम चालवून देणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) उघडलेलं असेल तर आर्म चिपवरही एक्स८६_६४ असं उत्तर येतं, तेही ध्यानात असू द्या.

आणि फाइलच्या नावावरच भरवसा नसेल तर फाइललाच विचारा. लिनक्सवर फाइल नावाची कमांड आहे, ती फाइलच्या आत बघून सांगते, ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्रॅम फायलींचा साचा) ६४-बिट, एलएसबी म्हणजे लिटल एंडियन, एक्स८६-६४. ३२ बिटवाल्याला ती इंटेल ८०३८६ किंवा इंटेल आय३८६ असं म्हणते. ती हे वाचते कुठून, तर प्रत्येक ईएलएफ फाइलच्या सुरुवातीला, १८ बाइट सोडून पुढच्या दोन बाइटमध्ये आर्किटेक्चरचा एक नंबर असतो. ३ म्हणजे ३८६ चं घराणं, ६२ म्हणजे एक्स८६-६४, १८३ म्हणजे एआर्च६४, २४३ म्हणजे रिस्क-फाइव्ह. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बघा, एक्स८६-६४ च्या फाइलमध्ये तिथं ३ई ०० दिसेल, ३ई म्हणजे हेक्समधले ६२, आणि लहान बाजू आधी आली म्हणजे लिटल एंडियन, दोन्ही गोष्टी दोन बाइटमध्ये. पाच नावांचा कितीही घोळ असो, इथं सगळ्यांचा नंबर ६२ च.

तरी चालत नसेल तर एरर नीट वाचा. एक्झेक फॉरमॅट एरर आला तर आर्किटेक्चरच चुकलंय, बहुतेक वेळा आर्मच्या मशीनवर एक्स८६ ची फाइल किंवा उलटं, दुसरी फाइल घ्या. इल्लीगल इन्स्ट्रक्शन आला तर घराणं बरोबर आहे पण पायरी वरची आहे, व्ही३ ची फाइल व्ही२ च्या चिपवर, किंवा आर्मव्ही७ ची व्ही६ वर, मग जुन्या चिपसाठी बनवलेली फाइल शोधा. आणि फाइल डोळ्यासमोर आहे तरी नो सच फाइल ऑर डिरेक्टरी म्हणत असेल तर ती तुमच्या प्रोग्रॅमबद्दल बोलतच नाहीये, त्या प्रोग्रॅमला लागणारा लोडर (प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी मेमरीत आणणारी फाइल) सापडत नाहीये, म्हणजे ६४ बिटच्या सिस्टीमवर ३२ बिटच्या लायब्ररी टाकलेल्या नाहीत किंवा मसलच्या सिस्टीमवर जीएनयूवाली फाइल आणलीय, पहिल्या वेळी नावातले बिट बघा आणि दुसऱ्या वेळी आर्किटेक्चरचा तुकडा सोडून नावाचा शेवटचा तुकडा बघा.